बायपासनंतर गोळ्या बंद केल्या आणि आता बर्फ खात सुटलेय

अर्धी_वाटी:
नमस्कार मंडळी, दीड-दोन वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तोही स्वतःच्या मूर्खपणाचा, तेव्हा सांभाळून घ्या.

वजन उतरवायचं ऑपरेशन, म्हणजे गॅस्ट्रिक बायपास, होऊन मला सव्वादोन वर्षं झाली. वजन ११८ वरून ७१ किलोवर आलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या, दोन जिने चढले तरी धाप लागत नाही, म्हणजे ज्यासाठी केलं ते सगळं झालं. पहिलं वर्ष गुणी बाळासारखी सगळं घेत होते, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, डी, महिन्याला बी१२ चं इंजेक्शन. वर्षाचे रिपोर्ट आले ते सगळे नॉर्मल. आणि तिथेच माशी शिंकली. मला वाटलं नॉर्मल आहे तर रोज सात-आठ गोळ्या कशाला गिळायच्या, आधी कॅल्शियम सुटलं कारण ती गोळी खडूसारखी लागते, मग लोह सुटलं कारण पोट साफ होईना, आणि इंजेक्शन "पुढच्या आठवड्यात घेऊ" करत करत राहूनच गेलं. बंद करा असं कुणीही म्हणालं नव्हतं. फॉलोअपलाही गेले नाही, वजन छान आहे मग जायचं कशाला, हा विचार.

चार-पाच महिने झाले, मला बर्फ खायचं वेड लागलंय. वेड म्हणजे खरंच वेड, घरात दोन ट्रे पुरत नाहीत, ऑफिसला थर्मासमध्ये बर्फ घेऊन जाते आणि मीटिंगमध्ये कडाकडा चावते, दाताचा एक टवका उडाला तरी थांबले नाही. आधी सगळे हसायचे. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि केस विंचरताना हात थकायला लागले तेव्हा मुकाट्याने रक्त देऊन आले. हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा ४, बी१२ १६८, डी १४. आणि गंमत म्हणजे कॅल्शियम एकदम नॉर्मल, पण पीटीएच वाढलेलं.

सर्जनची वेळ पुढच्या मंगळवारची मिळालीय. तोपर्यंत कुणी सांगाल का, बर्फाचा आणि लोहाचा काय संबंध? आणि कॅल्शियम न घेता कॅल्शियम नॉर्मल कसं? मग ती खडूची गोळी लागतेच कशाला?

सुरवंट:
ताई, धाग्याचं नाव वाचून हसलो आणि आकडे वाचून गप्प झालो. फेरिटिन ४ म्हणजे टाकीच्या तळाला नुसता गाळ उरलाय.

माझं स्लीव्ह, म्हणजे वजनाचंच दुसरं ऑपरेशन, पाच वर्षं झाली. मीही हाच पराक्रम केलाय, फक्त माझं तत्त्वज्ञान वेगळं होतं. मी म्हणायचो स्लीव्हमध्ये आतड्याला हातच लावलेला नाही, फक्त जठर बारीक केलंय, मग शोषणाचा प्रश्न येतोच कुठे. तिसऱ्या वर्षी जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली, साधं गरम सूप झोंबायचं, विसरभोळेपणा इतका की एकदा गॅस चालू ठेवून बाहेर गेलो. बी१२ निघालं. तेव्हापासून शहाणा झालोय.

निळी_छत्री:
बर्फाचं मलाही झालं होतं!! मला वाटायचं मी एकटीच येडी. +१

मोजपट्टी:
मी आहारतज्ज्ञ आहे आणि याच प्रकारच्या पेशंटबरोबर काम करते, पण तुमची आहारतज्ज्ञ नाही, तेव्हा इथून डोस उचलू नका, कारणं उचला.

बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटणं याला पायका म्हणतात, आणि बर्फाची ओढ ही लोह कमी असल्याची इतकी ओळखीची खूण आहे की पेशंट थर्मास घेऊन खोलीत शिरला आणि आत खडखडाट ऐकू आला की मी आधी फेरिटिन लिहून देते. असं का होतं याचे वेगवेगळे तर्क आहेत पण लोह भरलं की ही ओढ जाते, आणि बऱ्याचदा हिमोग्लोबिन वर यायच्या आधीच जाते.

आता मूळ मुद्दा. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिली मावेल एवढी, अंड्याएवढी पिशवी करतात आणि तिला आतड्याचा पुढचा भाग आणून जोडतात. म्हणजे तुमचं जेवण उरलेल्या जठरातून आणि ड्युओडेनममधून, लहान आतड्याच्या त्या पहिल्या वीतभर भागातून, जातच नाही. लोह मुख्यतः नेमकं तिथेच शोषलं जातं. वर त्या पिशवीत ॲसिडही नावापुरतंच, आणि भाज्या-डाळींमधलं लोह अंगी लागायला ॲसिड लागतं. त्यातून पाळी येत असेल तर दर महिन्याला खर्च चालूच. आवक बंद आणि जावक चालू, फेरिटिन ४ वर आलं यात नवल नाही.

बी१२ ची गोष्ट अजून लांबची आहे. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं व्हायला ॲसिड लागतं, मग त्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचा एक सोबती लागतो जो जठराच्याच पेशी तयार करतात, आणि ही जोडी पार शेवटी, लहान आतड्याच्या दुसऱ्या टोकाला शोषली जाते. सुरवंट, तुमच्या स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकलाय, म्हणजे ॲसिड आणि सोबती बनवणारा कारखानाच कमी झाला, आतड्याला हात लावलेला नसून काय उपयोग. शिवाय ॲसिडिटीसाठी रोजची गोळी चालू असेल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर बी१२ अजून खाली जातं.

आणि पहिल्या वर्षाचा रिपोर्ट नॉर्मल का येतो तेही इथेच आहे. बी१२ चा साठा यकृतात असतो, तो काही वर्षं पुरतो. तुमचा तो नॉर्मल रिपोर्ट म्हणजे जुना साठा अधिक चालू असलेल्या गोळ्या. आपण मात्र तो बघून त्याच गोळ्या बंद करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी घोळ झालेले बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले असतात, ज्यांचं वजन मस्त उतरलेलं असतं आणि म्हणूनच ज्यांना यायची गरज वाटलेली नसते.

कॅल्शियमचं उत्तर सोपं आहे आणि जरा भीतिदायकही. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे पाकिटातले पैसे, हाडं म्हणजे मुदत ठेव. हृदय आणि स्नायूंना रोजचा खर्च लागतो म्हणून शरीर पाकीट कधी रिकामं पडू देत नाही, पीटीएच नावाचं हार्मोन वाढवतं आणि ठेव मोडायला लागतं. पाकीट बघून तुम्ही म्हणताय पैसे आहेत की! म्हणून नुसतं कॅल्शियम तपासून काही कळत नाही, पीटीएच आणि डी जोडीने बघावे लागतात.

पायाच्या मुंग्या मात्र मंगळवारपर्यंत ठेवू नका. उद्या सकाळी फोन करून सांगा की बी१२ १६८ आहे आणि मुंग्या येतायत. नसांचं नुकसान जितके दिवस चालतं तितकं भरून यायची शक्यता कमी होते. आणि मधल्या काळात स्वतःच्या मनाने नुसती फॉलिक ॲसिडची गोळी चालू करू नका, त्याने रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात आणि बी१२ अभावी नसांचं आतल्या आत चालूच राहतं.

अर्धी_वाटी:
मुदत ठेव मोडली जातेय हे वाचून घाम फुटला. उद्या फोन करते. थँक्यू मोजपट्टी ताई.

खडूस_काका:
माझं मत कुणाला पटणार नाही, तरी लिहितो. माझ्या बायकोचं सात महिन्यांपूर्वी बायपास झालं. घरात औषधाच्या दुकानाइतके डबे झालेत. माणूस हजारो वर्षं गोळ्यांशिवाय जगला. अंडी, दूध, मासे, हिरव्या भाज्या, सुका मेवा नीट खाल्ला तर वेगळं काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या गोळ्यांचाच त्रास होत असणार. व्हिटॅमिन जास्त झालं तरी विष होतं हे कुणी बोलत नाही.

निळी_छत्री:
काका, माणूस हजारो वर्षं आतडी उलटीपालटी न जोडता पण जगला.

सुरवंट:
😂😂

मोजपट्टी:
निळ्या छत्रीने माझं अर्धं काम केलं. पण काका, तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यावर बोलायलाच हवं.

आधी जेवणाचं. सात महिन्यांनी तुमच्या मिसेस दिवसभरात किती खात असतील? पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांचं खाणं हजार कॅलरीच्या आतबाहेर असतं. त्या एवढ्याशा जागेत आधी प्रथिनं बसवायची असतात, दिवसाला किमान ६० ग्रॅम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम. म्हणजे दहा अंडी, ती त्यांना जाणार आहेत का? मग त्यात भाज्या आणि सुका मेवा कुठे बसवणार? आणि बसवलं तरी वर लिहिलंय तसं ज्या वाटेवर शोषण होतं ती वाटच वळवलीय. त्यातलं थोडंच अंगी लागणार, ताट कितीही पौष्टिक असो.

अमेरिकेतली मेटाबॉलिक आणि बेरियाट्रिक म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांची जी संघटना आहे तिची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात बायपास आणि स्लीव्हसाठी कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ, तेही जेवणातलं धरून, डी ३००० आययू आणि रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत, लोह पाळी येणाऱ्या बायकांना ४५ ते ६० मिग्रॅ, थायमिन (बी१) किमान १२ मिग्रॅ आणि जमल्यास ५०, असं दिलंय. साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या एका गोळीत यातलं निम्मंही नसतं, कॅल्शियम तर जवळपास नसतंच, म्हणून डबे वाढतात. ड्युओडेनल स्विच, म्हणजे आतड्याचा बराच मोठा भाग वगळणारं ऑपरेशन, केलं असेल तर आकडे आणखी वर, कॅल्शियम १८०० ते २४०० आणि ए, डी, ई, के या चरबीत विरघळणाऱ्या चौघांवर वेगळं लक्ष.

आता जास्तीचं. हो, ए आणि डी साठतात, ढिगाने घेतले तर त्रास होतो. झिंकची एक गंमत सांगते. केस गळतात म्हणून लोक मनाने ५० मिग्रॅ झिंक चालू करतात आणि महिनोन्‌महिने घेतात, झिंक जास्त झालं की तांबं शोषलं जात नाही, आणि तांबं कमी पडलं की ॲनिमिया, पांढऱ्या पेशी कमी, पाय बधिर, चालताना तोल जाणं, अगदी बी१२ कमी असल्यासारखंच चित्र. बी१२ ची इंजेक्शनं देत बसतात आणि फरक पडत नाही. म्हणून साधारण ८ ते १५ मिग्रॅ झिंकमागे १ मिग्रॅ तांबं असं प्रमाण ठेवतात. तेव्हा काका, विष होतं ते मनाने वाढवलेल्या डोसाने. तीन महिने, सहा महिने, वर्ष आणि मग दरवर्षी रक्त तपासायचं ते त्यासाठीच, कमीही होऊ नये आणि जास्तही.

खडूस_काका:
दहा अंड्यांचा हिशोब पटला. बाकी विचार करतो.

चष्मिष:
धागा चांगला चाललाय म्हणून माझा एक किस्सा. स्लीव्हनंतर चौथ्या महिन्यात केस असे गळायला लागले की बाथरूमची जाळी रोज तुंबायची. कुणीतरी बायोटिन सांगितलं, १० मिग्रॅची गोळी, चालू केली. दोन महिन्यांनी रुटीन टेस्टमध्ये थायरॉइड वाढलेलं निघालं, टीएसएच अगदी तळाला आणि टी४ वर. छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, काहीच लक्षण नाही आणि औषध चालू करायची वेळ आली होती. नशीब एका डॉक्टरांनी विचारलं की बायोटिन घेता का. चार दिवस बंद करून पुन्हा टेस्ट केली, थायरॉइड ठणठणीत. तेव्हापासून रक्त द्यायला गेले की आधी सगळ्या डब्यांचे फोटो दाखवते.

मोजपट्टी:
हे फार कामाचं लिहिलंत. बऱ्याच लॅबमध्ये ज्या पद्धतीने या टेस्ट करतात त्यातच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात बायोटिन भरपूर असलं की मशीन फसतं. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची टेस्टसुद्धा चुकीची कमी येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. दिवसाची गरज आहे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि गोळी असते १० मिग्रॅची, म्हणजे तीनशे पटीहून जास्त. आणि मुळात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातली ही केसगळती झपाट्याने वजन उतरल्याचा आणि ऑपरेशनचा ताण असतो, बहुतेकांची आपोआप थांबते. वर्ष उलटून गळत असतील तर मात्र लोह, झिंक, प्रथिनं तपासा, बायोटिनने काही होत नाही.

निळी_छत्री:
मला एवढंच विचारायचंय की या सगळ्या गोळ्या दिवसात बसवता कशा तुम्ही लोक? लोह कॅल्शियमबरोबर नको, कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीबरोबर नको, जेवताना पाणी नको, चहाबरोबर लोह नको... मला रेल्वेचं वेळापत्रक वाटतं हे.

सुरवंट:
वेळापत्रकच आहे! माझं सांगतो, पाच वर्षांत तीनदा बदलून इथे आलोय. उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, माझ्या मल्टीत लोह नाही मुद्दामच, असतं तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावं लागलं असतं. मग कॅल्शियम, एका वेळी ५०० च्या वर शोषलं जात नाही म्हणून दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन, तिसऱ्याचं काम दूध-दही करतं. लोह सगळ्यात शेवटी झोपताना, कॅल्शियमपासून किमान दोन तास लांब, आणि त्याआधी चहा-कॉफी बंद. लोहाबरोबर मोसंबीच्या दोन फोडी, सी मुळे थोडं बरं शोषलं जातं म्हणे. लोह रोज सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड केलंय, पोटाची तक्रार गेली.

मोबाइलला चार गजर आहेत आणि प्रत्येकाची वेगळी ट्यून. कॅल्शियमची ट्यून वाजली की आता पुतण्यापण ओरडतो, काका खडू!

आणि एक, कॅल्शियम सायट्रेट घ्या, कार्बोनेटला पोटात ॲसिड लागतं जे आपल्याकडे नाही. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं, बायपासनंतर मुतखड्याची भीती असते त्यालाही म्हणे बरं.

रिकामा_डबा:
गोळ्यांऐवजी गमी आणि त्वचेला लावायचे पॅच मिळतात ते कसे? पहिल्या महिन्यात गोळ्या गिळवतच नाहीयेत.

मोजपट्टी:
गमीमध्ये बहुतेकदा लोह नसतंच आणि थायमिनही नाहीतर अगदी थोडं असतं, वर साखर. पॅचवर विसंबून राहावं असा पुरावा नाही. सुरुवातीला चघळायच्या किंवा पातळ स्वरूपातल्या घ्या, बेरियाट्रिक पेशंटसाठी वेगळ्या बनवलेल्या मिळतात. गोळी फोडून घ्यायची असेल तर आधी विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडायच्या नसतात आणि बायपासमध्ये तशाही नीट लागू पडत नाहीत.

प्रश्नचिन्ह (रात्री ११:४०):
माफ करा, मी पेशंट नाही, शोधता शोधता हा धागा सापडला. माझ्या धाकट्या भावाचं स्लीव्ह होऊन सात आठवडे झाले. गेले तीन आठवडे त्याला उलट्या होतायत, आधी जेवणानंतर आता पाणीही राहत नाही. गोळ्या तर केव्हाच बंद, राहतच नाहीत पोटात. आम्हाला वाटलं ऑपरेशननंतर होतंच असं. परवा जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. काल रात्रीपासून त्याला एकाचे दोन दिसतायत म्हणतो आणि बाथरूमला जाताना दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय. आज मला विचारलं की बाबा आले का कामावरून, बाबांना जाऊन चार वर्षं झालीत. थकव्याने असं होतं का? सकाळी सर्जनला दाखवू म्हणतोय.

मोजपट्टी (रात्री ११:४८):
सकाळी नाही. आत्ता, या मिनिटाला मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

तिथे स्पष्ट सांगा, वजनाचं ऑपरेशन सात आठवड्यांपूर्वी, तीन आठवडे उलट्या, एकाचे दोन दिसतायत, तोल जातोय, गोंधळलाय, थायमिन म्हणजे बी१ कमी असू शकतं. ग्लुकोज लावायच्या आधी शिरेतून थायमिन द्या असं सांगा. रिपोर्टची वाट बघायची नसते यात. थायमिन द्यायला धोका जवळजवळ नाही, न देण्यात फार मोठा आहे. ऑपरेशनचे कागद हाताशी असतील तर घ्या, शोधत बसू नका. सर्जनला वाटेतून फोन करा.

सुरवंट (रात्री ११:५१):
दादा उठा आणि निघा. इथे नंतर लिहा.

प्रश्नचिन्ह (रात्री ११:५३):
निघालो

निळी_छत्री:
सकाळ झाली, काही कळलं का?

अर्धी_वाटी:
मीही तिसऱ्यांदा धागा उघडून बघतेय.

प्रश्नचिन्ह:
तीन दिवसांनी लिहितोय, सॉरी, फोन हातात घ्यायला वेळ नव्हता. ड्युटीवरच्या मॅडमना मी तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं, त्यांनी एकदा डोळ्यात टॉर्च मारून बोट इकडे तिकडे फिरवलं आणि लगेच थायमिन चालू केलं, बरोबर मॅग्नेशियमही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन दिसायचं थांबलं. चालताना अजून आधार लागतो. बाबांबद्दल पुन्हा विचारलं नाही पण परवाचं काही आठवतही नाहीये त्याला. स्लीव्ह एका ठिकाणी अरुंद झालीय म्हणून उलट्या होत होत्या, दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करणार आहेत. काय लिहू, तुम्ही लोक नसतात तर आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो.

मोजपट्टी:
डोळे आधी सुधारतात, तोल हळूहळू येतो, त्याला आठवडे-महिनेही लागतात. आठवणीबद्दल धीर धरा आणि थायमिन कुणी लवकर बंद करत नाही ना याकडे लक्ष ठेवा.

बाकीच्यांसाठी लिहिते, कारण वर मी साठा साठा म्हणून बरंच लिहिलंय. बी१२ चा साठा वर्षांचा असतो तसा बी१ चा नसतो, तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. ग्लुकोज जाळायला बी१ लागतं, त्यामुळे नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं तेही संपतं आणि मेंदू उपाशी. याला वर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात आणि बहुतेकांना हा दारूचा आजार म्हणूनच माहीत असतो, म्हणून दारू न पिणाऱ्यात चुकतं. पण वर्निकेने १८८१ मध्ये जे पहिले तीन पेशंट लिहून ठेवले त्यातली एक शिवणकाम करणारी तरुण मुलगी होती, ॲसिड प्यायल्यामुळे तिच्या जठराचं तोंड आक्रसलं होतं आणि सतत उलट्या होत होत्या. म्हणजे जठर आणि उलट्या हे सुरुवातीपासून या आजारात होतंच. डोळे, तोल आणि गोंधळ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असंही नाही, एक असलं तरी पुरे. "ऑपरेशननंतर उलट्या होतातच" हे वाक्य दोन-तीन दिवसांपुरतं ठीक आहे, आठवड्यांसाठी नाही.

रिकामा_डबा:
हे सगळं वाचून पहिल्यांदा उठून बी-कॉम्प्लेक्स घेतली. आणि प्रश्नचिन्ह, भावाला लवकर बरं वाटू दे.
अजून एक शंका विचारून घेते, बाळाचा विचार कधी करता येतो?

मोजपट्टी:
साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, वजन उतरायचं थांबून स्थिर होईपर्यंत. बायपास असेल तर तोपर्यंत नुसत्या तोंडी गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा नको, शोषणाचाच प्रश्न. आणि ठरवायच्या आधी व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात घेताय ते बघून घ्या, रेटिनॉल जास्त झालेलं बाळाला चांगलं नाही, बीटा कॅरोटिनच्या रूपातलं देतात. फॉलिक ॲसिड ८०० ते १००० मायक्रोग्रॅम. हे सगळं आधी, पॉझिटिव्ह आल्यावर नाही.

अर्धी_वाटी:
सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय. मोजपट्टी ताईंनी सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्जनना फोन केला होता, त्यांनी मंगळवारची वाट न बघता बोलावलं. बी१२ ची इंजेक्शनं आधी दिवसाआड मग आठवड्याला, आता महिन्यावर येणार. लोह गोळीने चढणार नाही म्हणून शिरेतून दिलं, दोन वेळा. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले की वजन चांगलं ठेवलंत, आणि का कोण जाणे त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पहिल्या बाटलीनंतर पाचव्या दिवशी ऑफिसला पोचले आणि लक्षात आलं थर्मास घरी विसरला. दुपारपर्यंत आठवणही झाली नाही! हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम हललं होतं, ताई म्हणाल्या होत्या तसंच. आता १०.८ आहे, फेरिटिन ६० च्या वर. पायाच्या मुंग्या डाव्या पायाच्या गेल्या, उजव्या पायाच्या अंगठ्याला अजून आहेत, त्या राहतील की जातील हे कुणी छातीठोक सांगत नाहीये. हाडांची डेक्सा टेस्ट पुढच्या महिन्यात आहे, ठेव किती मोडलीय ते कळेल.

सुरवंट, तुमचे चार गजर लावलेत. कॅल्शियमला कोंबडा आरवतो.

सुरवंट:
कोंबडा!! मीटिंगमध्ये आता बर्फाऐवजी कोंबडा.

प्रश्नचिन्ह:
भाऊ आता काठी न घेता चालतो. दही, अंडं, मऊ डाळ-भात राहतंय पोटात. थायमिनची गोळी आई स्वतःच्या हाताने देते आणि तोंड उघडून बघते.

खडूस_काका:
मंडळी, एक विचारायचं होतं. बायकोचे रिपोर्ट केले. डी ११ आणि पीटीएच वाढलेलं. मीच तिला महिनाभर कॅल्शियम थांबवायला लावलं होतं, ते तिने डॉक्टरांसमोर सांगितलं. असो. आता सायट्रेट आणलंय. पण ही गोळी घोड्यासाठी बनवलीय का? तिच्या घशाखाली जात नाही.

मोजपट्टी:
काका, चघळायची मिळते, किंवा पावडर. ती आणा.

खडूस_काका:
चघळायची कोणत्या चवीत येते?

अर्धी_वाटी:
खडूच्या, काका.